मदत हवी आहे: पब्लिक मेथडमध्ये नल चेक सगळीकडे टाकायचे का? (सी शार्प)

नमस्कार मंडळी, मी नाशिकला सातपूरमध्ये एका छोट्या टीममध्ये काम करते, आम्ही कांद्याच्या अडत्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो, म्हणजे लिलाव झाला की वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं धरून शेतकऱ्याची हिशोब पट्टी निघते. हे गणित एका लायब्ररीत आहे, ती आमचं जुनं डेस्कटॉप ॲप पण वापरतं आणि नवीन वेब एपीआय पण, म्हणून डॉट नेट स्टँडर्ड २.० वर (जुन्या-नव्या दोन्ही डॉट नेटवर चालतं ते) ठेवलीय.

प्रॉब्लेम असा की पट्टी बनवणाऱ्या मेथडला मधूनच लिलावाचं ऑब्जेक्ट नल, म्हणजे रिकामंच, येतं. मेथड काहीच बोलत नाही, नल तसाच पुढे सरकतो आणि पार आत तोलाईच्या हिशोबात नल रेफरन्स एक्सेप्शन येतं, लॉगमध्ये नुसता स्टॅक ट्रेस, नेमकं काय नल होतं ते शोधत बसा. आणि तिकडे लासलगावहून फोन चालूच, की शेतकरी खोळंबलेत पट्टी निघत नाहीये. पट्टी नाही तर पैसे नाहीत हो त्यांना, म्हणून हे मला नीटच करायचंय.

माझं म्हणणं, प्रत्येक पब्लिक (लायब्ररीबाहेरून कॉल करता येणाऱ्या) मेथडच्या सुरुवातीलाच चेक टाकायचा, नल असेल तर तिथेच आर्ग्युमेंट नल एक्सेप्शन, पॅरामीटरच्या नावासकट. आमचे सीनियर दादा म्हणतात सी शार्प ८ पासून नलेबल रेफरन्स टाइप्स आहेत, ते ऑन केले की नल येऊ शकेल तिथे कंपायलर वॉर्निंग देतो, उगाच कोड कशाला वाढवायचा. पण वॉर्निंग कंपाइल करतानाच ना, रनटाइमला ती कोणालाच अडवत नाही, डेस्कटॉप ॲपमध्ये ते फीचर ऑनच नाही आणि जेसनमध्ये एखादं फील्ड आलंच नाही तर कंपायलरला कसं कळणार?

मग प्रायव्हेट मेथडमध्ये पण चेक हवेत का? थ्रो इफ नल, म्हणजे हाच चेक एका ओळीत करणारी तयार मेथड, आमच्याकडे सापडतच नाही, ते का? आणि सगळ्यात छळणारं म्हणजे, दिवसभराच्या पट्ट्या यील्ड रिटर्नने एकेक देणारी एक मेथड आहे, तिच्यात चेक अगदी वर लिहिलाय तरी कॉल केल्यावर एक्सेप्शन येत नाही, लांब कुठेतरी फॉरईच सुरू झाल्यावर येतं.

प्रतिसाद १:
ताई, तुमचं बरोबर आहे. नलेबल पण ऑन करा आणि चेक पण ठेवा, एक दुसऱ्याची जागा घेत नाही. प्रायव्हेटमध्ये नको, तिथे कॉल करणारे तुम्हीच, नल दारातच अडवला की आत प्रत्येक खोलीत पहारा कशाला. थ्रो इफ नल डॉट नेट ६ मध्ये आलं, २०२१ साली, स्टँडर्ड २.० मध्ये ते नाहीच, तेव्हा स्वतःची छोटी स्टॅटिक मेथड लिहा आणि पॅरामीटरचं नाव नेमऑफने (कोडमधल्या नावावरूनच स्ट्रिंग बनवतं ते) द्या, स्ट्रिंगमध्ये लिहू नका, रिनेम केलं की ते जुनंच राहतं.

यील्डचं असं की ज्या मेथडमध्ये यील्ड आहे तिची पहिली ओळसुद्धा पहिला आयटम मागेपर्यंत चालत नाही. म्हणून मेथडचे दोन भाग करा, पब्लिकमध्ये फक्त चेक आणि खालच्या प्रायव्हेट मेथडला कॉल, यील्ड त्या खालच्या मेथडमध्ये. असिंक मेथडचं (निकाल नंतर टास्कमधून देणारी) पण बघून ठेवा, तिथे एक्सेप्शन टास्कमध्ये जाऊन बसतं आणि अवेट केल्यावरच दिसतं, तोडगा हाच.

धागाकर्ती:
खूप आभार, यील्डवाली मेथड फोडली आणि एक्सेप्शन लगेच कॉलच्या ओळीवर आलं! आता जुन्या पब्लिक मेथड खूप आहेत, चेक कुठे राहिलाय ते हाताने शोधायचं का?

प्रतिसाद २:
नाही नाही, कोड ॲनालिसिसमध्ये सीए १०६२ नावाचा नियम आहे, नल चेक न करता वापरलेले पॅरामीटर तो दाखवतो, मुळात बंद असतो, एडिटर कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये वॉर्निंग म्हणून चालू करा. बाहेरून दिसणाऱ्या मेथडच तो धरतो. पट्टीवाल्या क्लासपासून सुरुवात करा, बाकीचं हळूहळू.