फोटो ३०० डीपीआय केला तरी ए३ पोस्टर धूसर का येतंय?

सई_रावपुरा
नमस्कार मंडळी, मी बडोद्यात ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे, सोमवारी डिजिटल इमेज आणि प्रिंटचा पेपर आहे आणि त्याच दिवशी एक ए३ पोस्टर छापून द्यायचंय, विषय गणेशोत्सव. फोटो आमच्या पोळमधल्या (गल्लीतल्या) गणपतीचा, मामेभावाने काढलेला, त्याने व्हॉट्सॅपवर पाठवला, १२०० × १६०० पिक्सेल. सर म्हणाले ही ७२ डीपीआयची, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांची फाइल आहे, ३०० पाहिजे. मी फोटोशॉपमध्ये इमेज साइज उघडून ७२ च्या जागी ३०० टाकलं, फाइल पण चांगली मोठी झाली, वाटलं झालं काम. काल प्रिंट काढली तर सोंडेवरची नक्षी लोणी फासल्यासारखी दिसतेय, मागचा निळा चक्क जांभळा आलाय, आणि खाली बारीक अक्षरात तारीख-वेळ आहे तिथे शिरोरेषेच्या कडेला गुलाबी सावली पडलीय. दुकानवाले म्हणतात ताई मशीन बरोबर आहे, फाइलच तशी आहे. मला नुसतं काय दाबायचं ते नको, असं का होतं ते समजून घ्यायचंय, कारण पेपरात तेच विचारतात. प्लीज सांगा.

अण्णा_ऑफसेटवाले
सई, मी दांडिया बाजारातल्या एका प्रेसमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, तुझ्यासारखी फाइल रोज यायची. तू ३०० लिहिलंस त्याने फोटोत एकही नवीन गोष्ट आली नाही. हिशोब कर, १२०० × १६०० म्हणजे १९ लाख २० हजार पिक्सेल, आणि तू ७२ चे ३०० केलेस तेव्हा रिसॅम्पलची (पिक्सेलची संख्याच बदलायची) खूण चालू होती म्हणून फाइल ५००० × ६६६७ झाली, म्हणजे ३ कोटी ३३ लाख. दर सतरा पिक्सेलमागे कॅमेऱ्याने पाहिलेला एकच, बाकीचे सोळा सॉफ्टवेअरने शेजारचे रंग बघून अंदाजाने भरले. नक्षी कुठून येणार त्यात? ती खूण काढून बघ, मग ७२ टाक नाहीतर ३००, पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त कागदावरचं माप बदलतं.

म्हणून डीपीआयचा आकडा आधी बघायचाच नाही बेटा. आधी कागद किती मोठा ते बघ, मग पिक्सेल किती ते बघ, आणि भागाकार कर. ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी, इंचात साधारण ११.७ × १६.५. तुझे १२०० भागिले ११.७ म्हणजे इंचाला शंभरच्या आसपास पिक्सेल. तोच फोटो ४ × ५.३ इंचात छापलास तर पूर्ण ३०० मिळतात आणि एकदम खणखणीत येतो. फोटो वाईट नाही, कागद त्याला मोठा झाला.

आता ३०० च का, हे पेपरात नक्की लिही. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून शाईने छापतात त्या मशीनवर, फोटो बारीक ठिपक्यांच्या ओळींनी छापतात, चांगल्या आर्ट पेपरला साधारण इंचाला १५० ओळी, आणि दर ओळीमागे दोन पिक्सेल धरायचे, म्हणून ३००. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, तिथे ८५ ते १०० ओळी, म्हणजे १७० ते २०० पिक्सेल पुरे. चौकातला फ्लेक्स माणूस लांबून बघतो, तिथे १०० सुद्धा भरपूर. आणि इमेजचे पिक्सेल मोजायचे तर पीपीआय म्हणायचं, मशीन कागदावर किती ठिपके टाकतं ते डीपीआय, बाजारात सगळे दोन्हीला डीपीआयच म्हणतात पण परीक्षेत वेगळं लिही.

मृणाल_डिझाइन
अण्णांनी पिक्सेलचं सांगितलंच, मी रंगाचं सांगते कारण माझ्या पहिल्या वर्षी हाच निळा माझ्याही मानगुटीवर बसला होता. स्क्रीन आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडाने रंग बनवते, तिथे जो झगझगीत निळा दिसतो तेवढा शाईला जमतच नाही. प्रिंटमध्ये निळा सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) या शाया मिळून होतो, आणि मॅजेंटा सायनच्या फार जवळ गेला की डोळ्याला जांभळा दिसतो. म्हणून सायन १०० टक्के असेल तर मॅजेंटा ६० च्या आसपास ठेव, दोघांत कमीत कमी ३० चं अंतर पाहिजेच. आणि दुकानवाल्यांना विचार की त्यांना फाइल आरजीबीत हवी की सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शायांत), कारण डिजिटल मशीनवाले बऱ्याचदा आरजीबी मागतात, ऑफसेटला मात्र सीएमवायकेच.

शिरोरेषेची सावली म्हणजे तुझा काळा चारही रंगांचा झालाय. आरजीबीतला काळा सीएमवायकेत गेला की चारही शाया त्यात येतात, आणि कागद केसभर जरी सरकला तरी आपल्या देवनागरीत लगेच कळतं, कारण ती शिरोरेषा सगळ्या ओळीवर सलग जाते ना, तिला लपायला जागाच नसते. बारीक अक्षर फक्त के १०० मध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या शाईत ठेव, बाकी तीन शून्य. आणि मजकूर फोटोशॉपमध्ये लिहून चपटा करू नकोस, कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये लिही म्हणजे तो व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांचा आकार) राहतो, कितीही मोठा केला तरी कड फाटत नाही. देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून दे, नाहीतर त्यांच्याकडे तुझा फॉन्ट नसला की रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे, माझ्या आत्याच्या मुलीच्या पत्रिकेत हे झालंय, ‘श्री’ची पार वाट लागली होती, दोनशे पत्रिका परत छापल्या.

वडोदरा_वाचक
थोडं वेगळं पण उपयोगाचं. एक भिंग घे, साधं दहापटीचं चालेल, आणि घरातल्या कॅलेंडरवर धर. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे गोल गोल बसलेले दिसतील, चार रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनात ठेवतात म्हणून ती फुलं बनतात, नेहमीची मांडणी म्हणजे सायन १५, मॅजेंटा ७५, पिवळा ०, काळा ४५ अंश. कोन चुकले की फोटोवर चौकडीचा मोठा पॅटर्न उमटतो, त्याला मॉयरे म्हणतात.

आणि बडोद्यात शिकतेयस तर महाराजा फतेहसिंह म्युझियमला जाऊन ये, राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हा एकेका रंगाला वेगळा दगड लागायचा आणि रंगाची ठिपक्यांत फोड माणूस हाताने करायचा. आमच्या आजीच्या देवघरात जुनी छापील लक्ष्मी आहे, तिच्या गालावर भिंग धरलं तर ती फुलं नाहीतच, वेडेवाकडे हाताचे ठिपके दिसतात. मला सेपरेशन, म्हणजे चित्राची एकेका रंगात फोड, म्हणजे काय ते तिथे कळलं.

सई_रावपुरा
सगळ्यांचे खूप खूप आभार, मी वहीत सगळं उतरवून घेतलं. मामेभावाला फोन केला, त्याच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो निघाला, ३००० × ४०००, त्याने या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे व्हॉट्सॅपने तो लहान केला नाही. ए३ ला भागाकार केला तर २४० च्या आसपास येतंय. चालेल का अण्णा? आणि कालच्या प्रिंटवर भिंग धरलं, गुलाबी रेष काळ्याच्या वर अगदी वेगळी दिसली!

अण्णा_ऑफसेटवाले
२४० ला पोस्टर छान येईल, आता ३०० करायच्या मागे लागू नकोस. फक्त चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापून जाणारी जादा जागा) ठेव, म्हणजे फाइल ३०३ × ४२६ मिमीची कर आणि मागचा निळा तिथपर्यंत ने, नाहीतर कटिंगला पांढरी कड राहते. तारीख-वेळ कडेपासून आत घे. आणि जेपीजी सारखी सारखी उघडून सेव्ह करू नकोस, दर वेळी थोडा माल जातो, काम टिफ किंवा पीएसडीत ठेव. प्रिंट निघाली की इथे फोटो टाक, निळा कसा आला ते बघायचंय मला.