20 इंची जुना कलर टीव्ही: तापला की पडदा लालभडक, तिरक्या रेघा, मग टिक-टिक करत बंद

पॅनलवायरिंग (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 1987 साली घेतलेला 20 इंची कलर टीव्ही आहे. लाकडी कॅबिनेट, पुढे आठ बटणं, आणि झाकणाआड प्रत्येक बटणाचं छोटं दातेरी चाक. ते फिरवून चॅनल लावायचा. आई आजही दुपारी त्याच्यावर सह्याद्री लावते. फ्री डिशच्या बॉक्सला मॉड्युलेटर लावून अँटेनाच्या सॉकेटमधून सिग्नल दिलाय, कारण सेटला एव्ही इनपुट नाही.

तक्रार अशी. सुरू केल्यावर आवाज लगेच येतो, थोड्या वेळात चित्रही येतं, रंग अजून छान आहेत. पण सेट तापला की चित्रावर लाली चढायला लागते आणि एका क्षणी अख्खा पडदा लाल होतो. त्यावर बारीक तिरक्या रेघा दिसतात. काही सेकंदांत सेट बंद पडतो आणि आतून टिक-टिक ऐकू येतं. गार होऊ दिला की पुन्हा नीट चालतो. मागे, पिक्चर ट्यूबची मान असते त्या बाजूला थाप मारली तर कधीकधी लाली लगेच जाते.

एका दुरुस्तीवाल्याने मागचं झाकणही न काढता सांगितलं की ट्यूब आतून शॉर्ट झाली, भंगारात द्या. मला ते पटत नाहीये. मी अंबडला कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते, मीटर आणि सोल्डरिंग रोजच्या हातातलं आहे. पण टीव्ही कधी उघडलेला नाही आणि त्या हाय व्होल्टेजची धास्ती आहे. ट्यूब खरंच गेली का, हे घरी ठरवता येईल का?

जुना_मेकॅनिक (नाशिकरोड)

ताई, मीटर लावल्याशिवाय ट्यूबला मृत ठरवू नका आणि कोणाला ठरवू देऊ नका. बाकी सगळं बदलता येतं, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, शोधलं तर ईएचटी (ट्यूबसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) सुद्धा. ट्यूब मिळत नाही. म्हणून ट्यूबवर ठपका सगळ्यात शेवटी. माझं नाशिकरोडला रिपेअरिंगचं दुकान होतं आणि लाल, हिरवा किंवा निळा पडदा झालेले सेट तिथे सतत यायचे. त्यातले बरेचसे ट्यूबच्या मागच्या कार्डवरच, म्हणजे मानेच्या टोकाला सॉकेटने बसणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवरच, दुरुस्त व्हायचे.

तुमची तीनही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत. ट्यूबमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन गन, पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत म्हणजे बीम सोडणाऱ्या. प्रत्येकीचा कॅथोड (बीम जिथून निघतो तो भाग) साधारण 120 ते 150 व्होल्टवर असतो. हा व्होल्टेज जितका खाली, तितकी ती गन जोरात. लाल कॅथोड शून्याकडे गेला की लाल गन पूर्ण उघडते. बीम परत फिरताना तो विझवायचा असतो, तोही विझत नाही, म्हणून तिरक्या रिट्रेस लाइन दिसतात. आणि एवढा करंट ओढला गेला की ईएचटीवर लोड येतो, पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा उठायला बघतो, पुन्हा बंद होतो. तीच तुमची टिक-टिक.

आता कॅथोड खाली का जातो? एक तर ट्यूबच्या आत हीटर (कॅथोड तापवणारी तार) आणि कॅथोड एकमेकांना टेकतात. नाहीतर ट्यूबच्या कार्डवर लाल आउटपुटच्या भागात दोष असतो: ट्रान्झिस्टर शॉर्ट, लोड रेझिस्टर (कॅथोडचा व्होल्टेज वर ओढून धरणारा) ओपन, किंवा ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सोल्डरचा जोड. थाप मारल्यावर दोन्ही दोष जातात-येतात, म्हणून नुसत्या थापेवरून काही कळत नाही.

हात घालण्याआधी हे नीट वाचा. प्लग काढून ठेवा. ट्यूबच्या काळ्या लेपावर उघड्या तारेची जाळी ताणलेली असते. एक वायर त्या जाळीला क्लिपने लावा, दुसरं टोक चांगल्या इन्सुलेशनच्या लांब स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला, आणि तो ॲनोडच्या, म्हणजे ईएचटीची जाड वायर ट्यूबला जिथे लागते तिथल्या, रबरी टोपीखाली हळूच सरकवा. 20 इंचीत तिथे 20 हजार व्होल्टच्या वर असतात आणि सेट बंद केल्यावरही काच तो चार्ज धरून ठेवते. चेसिसला (मुख्य सर्किट बोर्डला) डिस्चार्ज करू नका, आयसी जातील. थोडं थांबून पुन्हा एकदा करा, कारण थोडा चार्ज परत वर येतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर 300 व्होल्ट डीसी असतो, तो साध्या 230 व्होल्टच्या पिवळ्या बल्बने उतरवा, पेचकसाने ठिणगी पाडून नको. अनेक सेटची अर्धी चेसिस थेट मेन्सला जोडलेली असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून वेगळा करणारा) कामावरून मिळाला तर तो लावूनच बसा. एकट्या असाल तेव्हा हे काम करू नका.

मीटरची काळी प्रोब सेट बंद असतानाच कार्डच्या अर्थला क्लिप करा. मग सेट सुरू करून लाल प्रोबने तीन रंगांच्या तीन आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (कॅथोडला जोडलेल्या पायावर) व्होल्टेज बघा, एकच हात वापरा. सॉकेटच्या एका बाजूला वेगळ्या खोबणीत फोकसची पिन असते, तिथे काही हजार व्होल्ट असतात. तिच्या जवळ प्रोब न्यायची नाही. सेट तापायची वाट बघण्यापेक्षा कार्डवर हेअर ड्रायर धरा आणि प्लास्टिकच्या पेनाने टिचक्या मारा. लाली आली की कोणता कलेक्टर किती ते लिहून ठेवा.

लाल खाली सापडला तर सेट बंद करा, कार्ड ट्यूबवरून सरळ मागे ओढून काढा. मान तिरकी दाबली तर काच तडकेल आणि ट्यूबमध्ये हवा शिरेल, मग खरंच भंगार. कार्डला आलेली अर्थची तार काढू नका, आणि कार्ड कुठे टेकणार नाही असं ठेवा. आता कार्ड बाहेर ठेवूनच सेट सुरू करा, पुन्हा तसाच ड्रायर धरा आणि लाल कलेक्टर मोजा. व्होल्टेज चढून बाकी दोघांसारखा राहिला तर दोष ट्यूबमध्ये. ट्यूब नसतानाही खाली पडला तर ट्यूब निर्दोष.

एफएम_देवळाली

काका, सविस्तर लिहिलंत, आभार. एक शंका. हीटरला 6.3 व्होल्ट हवेत ना? माझ्या सेटला मीटर त्याहून बरंच कमी दाखवतो, तरी चित्र ठीक आहे.

जुना_मेकॅनिक (नाशिकरोड)

हीटरचा सप्लाय ईएचटीच्या ट्रान्सफॉर्मरवरून येतो, सेकंदाला 15,625 पल्स. साधा मीटर 50 हर्ट्झच्या साइन वेव्हसाठी असतो, तो तिथे चुकीचंच दाखवणार. मानेत तिन्ही तारा केशरी पेटलेल्या दिसतात ना? मग तो आकडा सोडून द्या. तो वाढवायला रेझिस्टर बदलत बसाल तर चांगली ट्यूब जाळाल.

पॅनलवायरिंग (इंदिरानगर, नाशिक)

काका, कालच्या सुट्टीत भावाला शेजारी बसवून सगळं केलं. कंपनीतून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणला होता.

चित्र नीट असताना लाल 128, हिरवा 134, निळा 131. लोड रेझिस्टरच्या वरच्या टोकाला तिघांनाही 182. ड्रायर धरल्यावर लाल एकदम 9 वर आला, पडदा लाल. हिरवा आणि निळा जागेवरच. कार्ड काढून पुन्हा तेच केलं, तरी लाल 9 वरच पडला. म्हणजे ट्यूब वाचली! आईला सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं की मग दुपारी लावू का.

नंतर सेट बंद करून कार्ड उलटं केलं आणि भिंग धरलं. लाल भागातला लोड रेझिस्टर, 12 के (12 हजार ओहम), 2 वॉट, कार्डला अगदी चिकटून बसवलेला आहे. त्याखाली पीसीबी चहाच्या डागासारखी तपकिरी झालीय. एका पायाभोवती सोल्डरला केसाएवढी काळी चीर आहे, पूर्ण गोल. पेनाने रेझिस्टर हलवला की पाय त्या गोलात वरखाली होतो, सोल्डर मात्र हलत नाही. नुसतं पुन्हा सोल्डर करू की रेझिस्टर बदलू?

जुना_मेकॅनिक (नाशिकरोड)

शाब्बास. आकड्यांवरून सगळं कळलं. वरून 182 येतात, पण तापल्यावर तो पाय सुटतो, कलेक्टरला वर ओढणारं कोणी उरत नाही, ट्रान्झिस्टर त्याला खाली खेचतो. ट्रान्झिस्टर चांगला आहे, त्याला हात लावू नका.

रेझिस्टर बदलाच, आणि तिन्ही बदला, कारण बाकीचे दोघेही तेवढेच तापलेत. 12 के, मेटल ऑक्साइड, 2 वॉटऐवजी 3 वॉट घ्या. दुकानदार वायरवाउंड देईल तर घेऊ नका. आतमध्ये तारेचं वेटोळं असतं, इथे व्हिडिओ सिग्नल चालतो, चित्राच्या कडा बिघडतात. एम. जी. रोडला बघा, नाही मिळाले तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर नक्की मिळतील.

जुनं सोल्डर सक्करने (वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने) पूर्ण काढा. त्याच्यावरच नवं ओतलं तर चीर आत राहते. पाय ब्लेडने खरवडून चकचकीत करा, 60/40 ची सोल्डर वायर वापरा. रेझिस्टर कार्डपासून आठ-दहा मिलिमीटर वर उचलून बसवा म्हणजे खालून हवा खेळेल. तपकिरी झालेल्या जागी कॉपरचा ट्रॅक उचलला जातो. तसं झालं तर पायापासून पुढच्या जोडापर्यंत बारीक तार टाका. एवढं उघडलंच आहे तर ईएचटीच्या पिना, हॉरिझॉन्टल ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पिना आणि व्हर्टिकल आयसीचे पाय भिंगातून बघून घ्या. जड आणि तापणाऱ्या पार्टला अशीच गोल चीर पडते.

गोदाकाठ

काका, माझ्या सेटचं वाचन उलटं आलं. हिरवा पडदा होतो, आणि कार्ड काढल्यावर हिरवा कलेक्टर 140 वर जातो, कितीही तापवला तरी तिथेच राहतो. म्हणजे माझी ट्यूब गेली?

जुना_मेकॅनिक (नाशिकरोड)

हीटर-कॅथोड शॉर्ट आहे, पण गेली म्हणू नका. हीटरचं एक टोक अर्थला असतं, म्हणून कॅथोड टेकला की तोही अर्थला जातो. हीटरला अर्थपासून पूर्ण तोडायचं. कार्डवर हीटरच्या दोन्ही पिनांचे ट्रॅक कापा. ईएचटीच्या उघड्या फेराइट कोअरवर जाड इन्सुलेशनच्या वायरचे दोन वेढे घ्या आणि ती दोन टोकं थेट हीटरला जोडा, दुसरं काही जोडू नका. आधी एक वेढा घालून तारा किती पेटतात ते बघा. मंद केशरी हव्यात, पिवळ्या-पांढऱ्या झाल्या तर जास्त होतंय, सिरीजमध्ये एखाद ओहमचा रेझिस्टर टाका. हिरव्याची धार किंचित मऊ होईल, पण सेट चालेल. दुकानात मी अशा केलेल्या सेटनी पुढे वर्षानुवर्षं चित्र दिलंय.

पॅनलवायरिंग (इंदिरानगर, नाशिक)

तिन्ही रेझिस्टर बदलले. ट्रॅक खरंच उचलला गेला होता, तार टाकली. ईएचटीच्या दोन पिनांना तशीच चीर सापडली, त्याही केल्या. काल दुपारपासून रात्रीपर्यंत सेट चालला, ड्रायर धरून टिचक्याही मारल्या, लाली नाही. फक्त एक जाणवतं, पांढरा भाग आता जरासा गुलाबी दिसतो.

जुना_मेकॅनिक (नाशिकरोड)

नवे रेझिस्टर बसले, तिघांचा तोल थोडा बदलला. सेट अर्धा तास तापू द्या. रंग पूर्ण कमी करून चित्र कृष्णधवल करा. अंधाऱ्या भागात गुलाबी असेल तर कार्डवरचा लाल बायसचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर) थोडा कमी करा. उजळ भागात असेल तर ड्राइव्हचा प्रीसेट. प्लास्टिकचा पेचकस वापरा, प्रत्येक प्रीसेटची आधीची जागा मार्करने खूण करून ठेवा, आणि ईएचटीवरच्या स्क्रीनच्या नॉबला या कामासाठी हात लावू नका. कोपऱ्यात रंगाचे डाग दिसले तर ते वेगळं प्रकरण, डिगॉसिंगच्या पीटीसीचं, म्हणजे सेट सुरू होताना ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या सर्किटमधल्या पार्टचं. शेजारी स्पीकर ठेवलेला नाही ना, ते आधी बघा.