बाबांनी राखणीला ठेवलेला माणूस आता जागा माझी म्हणतोय. बारा वर्षं उलटून गेलीत, काय करू?

मृणाल_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आणि ११ गुंठे परसू आहे, त्यात हापूसची ९ कलमं. २००८ साली बाबांनी गावातल्याच एका गृहस्थांना मागच्या पडवीत राहायला दिलं. भाडं नाही, पगार नाही. घर झाडायचं, कलमांवर लक्ष ठेवायचं, आम्ही मे महिन्यात गेलो की किल्ली द्यायची. कागद केलाच नाही. बाबा म्हणायचे, गावात शब्द चालतो. ते गृहस्थ दर वर्षी आंब्याच्या दोन पेट्या एसटीने पाठवत.

२०२१ मध्ये बाबा गेले आणि पेट्या थांबल्या. या शिमग्याला भाऊ गेला तर पडवीला लागून चिऱ्याची नवी खोली उभी! विजेचा मीटर त्यांच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीलाही २०१९ पासून त्यांचंच नाव. विचारलं तर म्हणाले, "बारा वर्षं झाली, आता कायद्याने जागा माझी." सातबारा अजून बाबांच्याच नावावर आहे. भाऊ म्हणतो, गणपतीत चार माणसं आणि जेसीबी घेऊन जाऊ. खरंच गेली का हो जागा?

ठाणेकर_७२:
गेली समजा. बारा वर्षांचा नियम आहे. चार पैसे देऊन सोडवून घ्या, कोर्टात नातवंडं म्हातारी होतील.

नाना_देवगड:
ठाणेकर, तुमच्यासारखे लोक असं बोलतात म्हणूनच काळ सोकावतो.

मृणालताई, मी वकील नाही. बँकेत कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर आठ वर्षं अगदी असाच दावा लढलो, त्यामुळे जे भोगलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे भावाचा जेसीबी थांबवा. तुम्ही मालक असलात तरी. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ताबा काढून घेतला, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली त्या राखणदाराला सहा महिन्यांत दावा लावता येतो. त्या दाव्यात मालक कोण हे बघतच नाहीत, ताबा कोणाचा होता एवढंच बघतात, आणि निकालावर अपील नाही. म्हणजे जागा तुमची, आणि कोर्टात उत्तरं देत उभे तुम्हीच. वर मारामारीचा गुन्हा लागला तर तो वेगळा. माझ्या पुतण्याने कुलूप तोडलं होतं. त्या एका दुपारची किंमत आम्ही दीड वर्ष मोजली.

आता ती बारा वर्षं. मुदतीच्या कायद्यात १२ वर्षं आहेत हे खरं, पण ती माणूस राहायला आल्यापासून मोजत नाहीत. तुमचा हक्क नाकारून, उघडपणे, तुम्हाला कळेल असा बसला तिथून मोजतात. परवानगीने बसलेला माणूस चाळीस वर्षं बसला तरी परवानगीनेच बसलेला. गोव्यातला एक खटला आहे, बहिणीच्या घरात राहिलेल्या भावाचा. त्यात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की राखणदार, पहारेकरी, नोकर यांना कितीही वर्षं राहिले तरी जागेत हक्क मिळत नाही. मारिया मार्गारिडा म्हटलं की तुमच्या वकिलाला लगेच कळेल. घरपट्टी नि मीटरने कोणी मालक होत नाही. आणि २०१९ पासून मोजायचं म्हटलं तरी त्याची बारा वर्षं २०३१ ला भरतात. त्यामुळे वेळ आहे, पण झोपा काढण्याइतका नाही.

खरी भीती वेगळीच आहे, आणि ती कोणी बोलत नाही. तो उद्या "मी कूळ आहे" म्हणाला तर? १९४८ च्या कूळ कायद्यात दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळ मानला जातो. पगारी गडी त्यातून वगळलाय, पण तुमच्या बाबांनी पगारच दिला नाही. आणि त्या दोन पेट्या! तुम्ही म्हणणार मालकाचा मान ठेवून पाठवल्या, तो म्हणणार खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचं भाडं, दिला. कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्ट ठरवत नाही, मुद्दा तहसीलदाराकडे जातो आणि तुमचा दावा तोवर लोंबकळतो. माझी आठांतली तीन वर्षं तिथेच गेली. तेव्हा आजच सातबाऱ्याचा पीक पाहणीचा भाग (जमीन कोण कसतं, काय पिकतं ती नोंद) आणि 'इतर अधिकार' रकाना बघा. हल्ली पीक पाहणी मोबाइलवरून होते, त्याने कोणाचं नाव टाकलंय कुणास ठाऊक.

वकिलीणबाई:
नानांनी कुळाचा मुद्दा काढला ते बरं केलं. माझी थोडी भर.

पोलीस "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील, तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. अनधिकृत प्रवेशासाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ आहे, भारतीय दंड संहितेचं जुनं ४४७ विसरा. शिमग्याला दिसलेली खोली नेमकी कधी बांधली, ते शोधा. त्या तुकड्यावरून तुम्हाला सहा महिन्यांच्या आत हटवलं असेल तर कलम ६ तुमच्याही कामाचं आहे. शेतजमिनीला मामलेदार कोर्ट कायद्याची वाट आहे, मुदत तीच.

बाकी क्रम असा: वारस नोंद, हद्द कायम मोजणी, परवानगी काढून घेतल्याची वकिलाची नोटीस, मग ताब्याचा दावा. दाव्यासोबतच पुढच्या बांधकामाला मनाई हुकूम आणि जागेवर कोर्ट कमिशनर (जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा) मागा. नोटिशीत बाबांनी राहायला दिलं हे ठळक लिहा आणि "भाडेकरू" हा शब्द चुकूनही वापरू नका.

मृणाल_डोंबिवली:
पीक पाहणीत बाबांचंच नाव आहे! भावाशी अजून भांडण चालू आहे, तो दाव्याच्या कागदांवर सहीच करत नाही म्हणतो. आणि बाबांच्या ट्रंकेत त्या गृहस्थांचं २०१४ चं आंतर्देशीय पत्र सापडलं. "तुमच्या घराची पश्चिमेची कौलं वादळात उडाली, पैसे पाठवा म्हणजे शाकारून घेतो." खाली त्यांची सही.

नाना_देवगड:
"तुमच्या घराची"! ताई, ते पत्र लॅमिनेट करू नका, कोणाला पाठवू नका, मूळ प्रत घरात ठेवू नका. बँकेच्या लॉकरमध्ये टाका. बाबांनी पैसे मनिऑर्डरने पाठवले असतील तर त्याच ट्रंकेत पावती शोधा. आणि भावाची सही नसली तरी घुसखोराविरुद्ध एका सहहिस्सेदाराला दावा लावता येतो. तेवढं ऐकवा त्याला, जेसीबीवाल्याचा ॲडव्हान्स परत आणायला जाईल.