टीडीसीएस आणि हळूहळू जाणारी भाषा (पीपीए): इलेक्ट्रोड कुठे, सराव कोणत्या भाषेत?

वाचा_सोलापूर
सोलापूरच्या पूर्व भागातल्या ६४ वर्षांच्या काकूंना प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया, लोगोपेनिक प्रकार, असे निदान झाले आहे. शब्द अडतो, लांब वाक्य ऐकून परत म्हणता येत नाही, समज बरी आहे. घरी तेलुगू, शिक्षण मराठीत सातवीपर्यंत. टीडीसीएस, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूला सौम्य करंट, द्यायचे आहे; न्यूरॉलॉजिस्ट देखरेखीला तयार आहेत. इलेक्ट्रोडची जागा आणि करंट किती ठेवायचा? सराव मराठीत घ्यावा की तेलुगूत? आठवड्यातून दोनदा येणे जमेल, तेवढे पुरेल का? घरच्यांनी ऑनलाइन एक स्वस्त यंत्रही बघून ठेवले आहे.

स्पंज_आणि_सलाइन
ते यंत्र आधी रद्द करायला सांगा. करंट स्थिर ठेवणारे, इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला करंटला होणारा अडथळा) दाखवणारे आणि संपर्क सुटला की आपोआप थांबणारे वैद्यकीय यंत्रच हवे.

जॉन्स हॉपकिन्सच्या २०१८ मधल्या चाचणीत ३६ रुग्ण होते. २ मिलिअँपिअर, २० मिनिटे, ५ बाय ५ सेंमीचे स्पंज. अ‍ॅनोड (धन इलेक्ट्रोड) डाव्या कपाळामागच्या भाषाकेंद्रावर म्हणजे डोके मोजून ठरवायच्या एफ७ या बिंदूवर, कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) उजव्या गालावर. एफ७ अंदाजाने धरू नका. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा. त्या मापाच्या १० टक्के अंतर नाकाच्या मुळापासून वर घ्या आणि त्याच पातळीवर डोक्याचा घेर मोजा. मध्यरेषेपासून डावीकडे घेराच्या १५ टक्क्यांवर एफ७ येतो. घेर ५६ सेंमी असेल तर ८.४ सेंमी.

बिघडते ते बहुतेक त्वचेपाशी. डोक्याला तेल असेल तर इम्पीडन्स खाली येतच नाही, मग लोक करंट वाढवायला बघतात. त्या दिवशी शाम्पूने केस धुऊन या म्हणावे, तेल लावू नये. कातडी घासायची नाही, ओरखडा असेल तिथेच भाजते. नळाचे पाणी नको, ०.९ टक्के सलाइन घ्या; सिरिंजने स्पंजच्या दोन्ही बाजूंना साधारण चार-चार मिलि. टपकू लागले तर पाणी पसरून इलेक्ट्रोडचे क्षेत्रच बदलते. उलट, आपल्याकडच्या मे महिन्यात पंखा थेट अंगावर असला तर स्पंज कडेने सुकतो आणि सगळा करंट उरलेल्या ओल्या ठिपक्यातून जातो. म्हणून दहाव्या मिनिटाला एकदा बघाच. इम्पीडन्स १० किलोओहमखाली आल्यावर ३० सेकंदांत करंट चढवा, शेवटी तसाच उतरवा. मुंग्या, खाज चालते. जळजळ वाढत गेली तर बंद.

शब्दचित्र
मला यंत्रापेक्षा दुसऱ्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते. इतका कमी करंट पेशींना स्वतःहून पेटवत नाही, त्यांचा उंबरठा थोडा हलवतो. त्या वेळात भाषेचे काम चालू नसेल तर २० मिनिटे नुसता ओला स्पंज डोक्यावर धरल्यासारखेच. त्या चाचणीतही चित्राचे नाव लिहिण्याचा सराव करंटबरोबरच सुरू होता आणि करंट थांबल्यावरही चालू राहिला. मात्र तो इंग्रजी स्पेलिंगचा होता. देवनागरीत अक्षर आणि उच्चाराचे नाते बरेच सरळ असल्याने तो जसाच्या तसा उचलता येणार नाही.

चित्रे घरातली घ्या: तवा, शेंगाचटणीची बरणी, चादर, माग. ३० शब्द सरावाचे आणि बोलण्यात तितकेच वारंवार येणारे ३० शब्द नुसते चाचणीचे. ते कधीच शिकवायचे नाहीत, नाहीतर परिणाम पसरला की नुसते पाठांतर झाले हे कळणार नाही. सुरुवातीच्या चाचण्या दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या, एका दिवसाचा आकडा फसवा असतो.

भाषा? बोलताना तेलुगू, लिहिताना मराठी. मिठाच्या चित्राला काकू ‘उप्पु’ म्हणाल्या तर ते चूक नाही, पण वेगळ्या रकान्यात नोंदवा. दोन्ही एकाच बेरजेत घातले तर कोणती भाषा आधी निसटतेय ते झाकले जाते. सून किंवा मुलगा शेजारी बसून शब्द पुरवत असेल तर त्यांना बाहेर चहाला पाठवा.

वाचा_सोलापूर
आभारी आहे. एक राहिले: चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी त्यांना कार्बामॅझेपिन सुरू आहे. अडचण येईल?

स्पंज_आणि_सलाइन
येईल. कार्बामॅझेपिन सोडियम चॅनल (मज्जापेशींतल्या सोडियमच्या वाटा) अडवते, त्यामुळे अ‍ॅनोडचा उत्तेजक परिणाम दबतो. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पर्याय आहे का ते न्यूरॉलॉजिस्टलाच विचारा. खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल तर तेही कळवा, ते मागाहून टिकणारा परिणाम पुसते. डोक्यात धातूची क्लिप, पेसमेकर, पूर्वी फिट आलेली असणे, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून ठेवा.

आठवड्यातून दोनदा म्हणाल, तर चाचणीत सोमवार ते शुक्रवार अशी सलग सुमारे १५ सत्रे होती आणि फायदा दोन महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. दोनदाच्या वेळापत्रकाला तो निकाल लावता येत नाही. रोज जमतील असे तीन आठवडे शोधा. जानेवारीत ठरवत असाल तर गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळा, सत्रे हमखास तुटतात.

शब्दचित्र
आणि घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा की आजार थांबत नाही. करंट संपल्यावरही शब्दवही आणि चित्रांचा सराव चालूच ठेवायचा आहे, तो कोणी घ्यायचा हे आत्ताच ठरवून घ्या.