युद्ध करून कायमची शांतता येते का?

वर्धारोडवाली:
ऑफिसात, टपरीवर, फॅमिली ग्रुपवर सगळे एकच बोलून राहिले, की एकदाचं काय ते युद्ध करून टाका म्हणजे कायमची कटकट मिटेल. मला हे अजिबात पटत नाही. युद्धानं फार तर मारामारी थांबते, शांतता नंतर टेबलावर होते, आणि हरलेल्याला मान वर करून जगता आलं तरच टिकते. १९१९ ला व्हर्सायच्या तहात जर्मनीवर अवाढव्य भरपाई लादली आणि २० वर्षांत दुसरं महायुद्ध सुरू. १९५१ ला मात्र फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं आपला कोळसा अन् पोलाद सामाईक कारभाराखाली आणला, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या नकळत तोफा बनवताच येऊ नयेत. तेव्हापासून ते दोघं लढले नाहीत.

बर्डीचा_भाऊ:
ताई, १९५१ च्या आधी १९४५ येते ना. १९३८ ला म्युनिकमध्ये टेबलावर बसूनच हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा भाग दिला, आणि पुढच्या मार्चमध्ये तो प्रागमध्ये घुसला. त्याच्याशी अजून काय बोलणार होते? काही माणसं हरल्याशिवाय थांबतच नाहीत, हे कडू आहे पण खरं आहे.

वर्धारोडवाली:
१९४५ ची लढाई लढावीच लागली, मान्य. पण नुसतं जिंकून भागत असतं तर १९१८ लाच भागलं असतं. आणि शांतता कोणाची, तेही बघा. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ ला भोसल्यांची फौज हरली, त्यानंतर इंग्रजांच्या हिशेबानं सगळं शांतच होतं, १८५४ मध्ये त्यांनी अख्खं राज्य खालसा केलं.

धम्ममित्र:
नागपूरकरांनी तरी कलिंग विसरू नये. दीक्षाभूमीवर आपण अशोक विजयादशमी उगाच म्हणत नाही. जिंकल्यावर ज्याला लाखभर मेलेल्यांचं दुःख झालं आणि जो धम्माकडे वळला, त्या राजाचा तो दिवस. बाबासाहेबांनी १९५६ ला १४ ऑक्टोबरला दीक्षा घेतली तेव्हा हाच दिवस होता.

वऱ्हाडी_वाचक:
जय भीम भाऊ, आदर आहेच, पण शिलालेख पूर्ण वाचा. कलिंगच्या पश्चात्तापाच्या त्याच तेराव्या लेखात अशोक जंगलातल्या लोकांना सांगतो की मला पश्चात्ताप झाला असला तरी शिक्षा द्यायची ताकद आहे. कलिंगही त्यानं परत दिलं नाही आणि ओडिशातल्या धौलीला, म्हणजे जिथं हे घडलं तिथं, तो पश्चात्तापाचा लेख कोरलेलाच नाही. पुढे कलिंगचाच राजा खारवेल अशोकाच्या मगधावर चालून गेला. म्हणजे हिशेब राहिलाच होता ना.

कामठीवाला_फौजी:
फौजेतून रिटायर आहे म्हणून दोन शब्द. नियंत्रण रेषेवर होतो तेव्हा रात्री समोरच्या चौकीतल्या माणसाचा खोकला ऐकू यायचा, इतकं जवळ. खालच्या गावातले लोक मका अंधारात कापायचे, दिवसा शेतात उभं राहायची सोय नव्हती. २००३ च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधी झाली आणि तीच माणसं उन्हात बैल घेऊन निघाली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे ती मोडली आणि २०२१ ला परत ठरली. पण ताई, कारगिलमध्ये आम्ही मागं हटलो असतो तर समोरचा बोलायला आला असता, असं मला वाटत नाही.

बर्डीचा_भाऊ:
हेच तर मी म्हणून राहिलो! आणि १९७१? ९३ हजारांनी शस्त्रं टाकली म्हणून बांगलादेश झाला, टेबलावर तो कोणी दिला असता?

वर्धारोडवाली:
काका, तुम्ही तिथं उभे होता, तुमच्या शब्दाला मी उलट बोलणार नाही. पण भाऊ, १९७१ सारखा विजय झाला, १९७२ ला सिमला करारही झाला, तरी १९९९ ला काकांना कारगिल लढावं लागलंच. बांगलादेशच्या लोकांची सुटका झाली, ती खरीच. आपली आणि पाकिस्तानची शांतता त्यातून आली नाही. उलट इजिप्त बघा, १९७३ ला इस्रायलशी घनघोर लढले, १९७९ ला तह केला, त्यासाठी त्यांचे अध्यक्ष सादात यांना १९८१ मध्ये स्वतःच्याच सैनिकांच्या गोळ्या खाव्या लागल्या, तरी इस्रायलनं १९८२ ला सिनाई रिकामं केलं आणि तो तह टिकला. त्याच युद्धात सीरियाही होता. त्याचं गोलान इस्रायलनं ठेवून घेतलं, आणि सीरियाशी मात्र तसा तह काही झाला नाही.