वाळवण, गरम चीक आणि आईचा सोऱ्या : तुमचे अनुभव सांगा

काल माळा आवरताना आईचा पितळी सोऱ्या सापडला. येत्या श्रावणात तिला जाऊन चार वर्षं होतील. घासायला म्हणून चकती काढली तर मधल्या तीन भोकांत वाळलेला चीक. दगडासारखा कडक, कडेला पिवळट. शेवटच्या कुरडया घातल्या तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. हातात चिंचेचा गोळा धरून मी तशीच बसून राहिले.

आमच्याकडे चैत्रात गहू भिजत पडायचे. तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशीचा तो आंबूस वास जिन्यापर्यंत यायचा. मग वाटायचे, गाळायचे, चीक रात्रभर निवळत ठेवायचा आणि पहाटे वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. गच्चीवर चूल. काकू चीक हाटायची, आई हिंग-मिठाचं बघायची, बाबा सोऱ्या दाबायचे. गार झाला की दाबवत नाही, म्हणून सगळ्यांची धावपळ. आम्हा पोरांना वाटीत गरम चीक, त्यावर तूप-साखर.

आईचं आणि काकूचं वर्षभर फारसं पटायचं नाही. चुली वेगळ्या झाल्या, दिवाळीचा फराळसुद्धा वेगळा झाला. कुरडया मात्र शेवटपर्यंत दोघींनी मिळूनच घातल्या. त्या पातेल्याशेजारी त्यांना भांडताना मी कधीच पाहिलं नाही.

यंदा मला घालायच्यात. आईने माप कुठेच लिहून ठेवलं नाही. तुमच्या घरचं वाळवण, त्याच्या आठवणी, सगळं लिहा. आणि मीठ किती ते कुणी सांगेल का?

रानजाई
राखणीला आम्ही भावंडं! आजोबांची काळी छत्री साडीच्या मधोमध उघडी ठेवायची, कावळे लांब राहतात. साबुदाण्याच्या अर्धओल्या पापड्या कडेकडेच्या उचलून खायच्या, म्हणजे मधे भगदाड दिसत नाही. आजीला सगळं कळायचं, बोलायची नाही. बाकीचं नंतर लिहिते, कुकर झाला.

खान्देशची लेक
आमच्याकडे बिबडे. ज्वारीचे. ओल्या धोतरावर थापायचे, वाळले की कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, मग सुटतात. जळगावच्या उन्हात दुपारी बारापर्यंत कडकडीत. आता मी ठाण्यात, खिडकीत ऊन येतं जेमतेम दोन तास. आई एसटीने डबा पाठवते, त्यावर चिठ्ठी असते, "वरचे तळायचे, खालचे भाजायचे". त्या चिठ्ठ्या मी फेकत नाही.

झुळूक
पितळ चिंचेनेच घास, पण मीठ फार वेळ ठेवू नकोस, काळं पडतं. आणि ती तीन भोकं राहू दे गं तशीच. मी असते तर नसती साफ केली.

खान्देशची लेक
@झुळूक पितांबरी चालते का? माझा समईचा जोड अगदी काळवंडलाय.

झुळूक
चालते की. घासून लगेच कोरडं पुस.

नाना
वय ७४. गाव मराठवाड्यात. १९७२ला आमच्या घरी वाळवण पडलं नाही, तेवढं एकच वर्ष. गहू नव्हताच. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, भाकरी थापता थापता तुटायची. आई आणि मी खडी फोडायला जायचो. दुष्काळी काम म्हणायचे, रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ला झाला. कामावर सुकडी मिळे. आई तिची सुकडी पदरात बांधून धाकट्या बहिणीसाठी घरी आणायची. पुढल्या साली पाऊस झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आईने कुरडया घातल्या. पहिली तळलेली तिने कुणालाच दिली नाही, अंगणात बसून एकटीने खाल्ली. तेव्हा मला राग आला होता. आज कुरडई ताटात आली की आधी ते अंगण दिसतं. मिलोचं नाव काढलं की बहीण अजून ताटावरून उठते.

रानजाई
नाना, वाचून गॅस बंद केला आणि आईला फोन लावला.

सागरगोटा
विषय थोडा बाजूला जातोय, पण चिकावरून आठवलं. अलिबागला आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मावशी राहायच्या. त्यांच्या नव्याच्या सणाला (आपल्या गणपती-नवरात्राच्या आसपास येतो) त्या चिकाचा हलवा करायच्या. हाच गव्हाचा चीक, पण नारळाच्या दुधात आटवलेला. ढवळून ढवळून हात भरून यायचे, म्हणून मला बोलावायच्या. पुढे त्या इस्राएलला मुलाकडे गेल्या. फोनवर अजून अस्सल अलिबागी मराठी. म्हणाल्या, नात हलवा मागते, पण तिला "चीक" म्हणजे काय ते समजावता येत नाही.

तांबडी माती
मी मूळची मालवणची, सासर साताऱ्याला. इथे कुरडया, सांडगे सगळं शिकले. पण मे महिन्यात आईकडून आंब्याची साठं आणि सोडे आले की खोलीचं दार लावून आधी पिशवीत नाक घालते. सासूबाईंना सोड्यांचा वास सोसत नाही, तरी गेल्या वर्षी त्यांनी स्वतः जुनी कढई वेगळी काढून दिली, "ही तुझ्या सोड्यांना".

दूरदेशी
टेक्सासात आहोत. ऊन घरच्यासारखंच, पण मागच्या अंगणात साडी पसरली तर शेजारीण काळजीने चौकशीला आली. तिलाच सोऱ्या दाबायला बसवलं. आता दर मे महिन्यात विचारते, "यंदा कधी?"

बापलेक
मीठ माहीत नाही. पण ताईच्या रुखवतातल्या गुलाबी-हिरव्या कुरडया मीच रचल्या होत्या आणि टेम्पोत निम्म्या मोडल्या. आईने मोडक्यांचीच महिरप करून ताटाभोवती लावली. लग्नात सगळ्यांनी नेमकं तेच ताट वाखाणलं.

झुळूक
@तांबडी माती सोडे पुण्यात चांगले कुठे मिळतील? बाजारातले फार खारट निघतात.

तांबडी माती
येताना आणीन, निरोप टाक.

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचलं. नाना, तुमचं दोनदा वाचलं.

शेवटी काकूलाच फोन केला. वय ८१. आई गेल्यापासून आमचं बोलणं सणावारापुरतंच. मिठाचं विचारलं तर आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "जेवढा चीक तेवढंच पाणी. मीठ घातलं की आधणाचं पाणी जिभेवर ठेवून बघ, भाजीपेक्षा अळणी हवं, वाळल्यावर चढतं. तुझी आई माझ्याकडूनच चाखून घ्यायची." आणि थोड्या वेळाने, "चीक हाटायला कोण आहे तुझ्याकडे?"

रविवारी येतेय.

रानजाई
मग आजच भिजव गं, गुरुवार आहे! आणि गहू लोकवन घे, चीक भरपूर निघतो.

धागाकर्ती
लोकवनच. दोन किलो. आत्ताच भिजत घातले.