बाबांचे पाय गेले, गाठ कुठेच नाही, तरी लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) म्हणतात??

नाशिकची_लेक:
बाबा ६८. दिवाळीनंतर पाय जड झाले, चप्पल पायातून निसटून मागे राहायची तरी त्यांना पत्ता नाही, मग लघवी अडकली. ट्रान्सव्हर्स मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूला सूज, म्हणून स्टिरॉइड दिलं, आठवडाभर मस्त, धरून धरून बाथरूमपर्यंत जायला लागले आणि मग परत बसले ते बसलेच. पाठीत सुई घालून काढलेल्या पाण्यात काही नाही, एलडीएच (पेशी मरताना रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र १२०० च्या वर. आता नवीन डॉक्टर इंट्राव्हॅस्क्युलर लिम्फोमाचा संशय आहे म्हणतात, कातडीची बायोप्सी करायचीय. अहो कातडीवर साधं पुरळ नाही, मग कापायचं कशाला?

रात्रपाळी_रेसिडेंट:
ताई, डॉक्टर बरोबर लाइनवर आहेत. यात कॅन्सरच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतच राहतात, गाठ होतच नाही. वाहिनी तुंबली की मज्जारज्जूला रक्त कमी पडतं, म्हणजे मेंदूऐवजी पाठीतला स्ट्रोक समजा. १९५९ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा तर हा रक्तवाहिनीचाच रोग वाटला होता. मज्जारज्जू कापून बघण्यापेक्षा कातडी सोपी, वरून चांगली दिसली तरी खालच्या चरबीतल्या वाहिन्यांत पेशी सापडतात, म्हणून तुकडा खोल हवा, दोनतीन जागचा. अंगावर लाल तीळ असेल तर तोही घ्यायला सांगा, तो बारीक वाहिन्यांचा गुच्छच असतो. पाण्यात पेशी नाहीत म्हणून हा आजार नाही असं होत नाही. आणि स्टिरॉइडने पेशी तात्पुरत्या दबतात, रिपोर्ट फसवा येऊ शकतो, शेवटचा डोस कधी झाला ते त्यांना नक्की सांगा, पण मनाने बंद करू नका.

सोलापुरी_भाऊ:
आमच्या आईला हेच. आर-चॉप नावाची केमो आणि वर मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट, कारण बाकीची औषधं मेंदू-मज्जारज्जूत नीट पोचत नाहीत म्हणे. रोग गेला पण पाय पूर्ण नाही आले, वॉकरवर आहे. दर दोन तासांनी कूस बदला हो, आम्ही कंबरेखाली बघितलंच नाही, केवढी जखम झाली!

गावठी_वैद्य:
महानारायण तेलाने मालिश करून बघा.

सोलापुरी_भाऊ:
^ पायाला संवेदना नाही तिथे गरम तेल?? भाजलं तरी कळायचं नाही त्यांना

नाशिकची_लेक:
आत्ता टॉर्च लावून बघितलं, डाव्या बरगडीखाली दोन लाल तीळ आहेत. बाबा म्हणतात तीस वर्षांपासूनचे आहेत, राहू दे. फोटो काढलाय, सकाळी राउंडला दाखवते.